साखरपुड्याचा हिरा : परंपरा कुणाची, पैसा कुणाचा?

मित्रहो, आजचा धागा थोडा लांबणार आहे आणि काहींना कडूही लागणार आहे. विषय आहे हिऱ्याची अंगठी. ज्यांचा साखरपुडा येत्या वर्षात ठरण्याच्या बेतात आहे, त्यांनी तो शेवटपर्यंत वाचावा. इतरांनी इतिहास म्हणून वाचावा.

निमित्त घरातलेच आहे. गेल्या महिन्यात आतेभावासोबत एका सराफी दालनात गेलो होतो. काचेपलीकडच्या गृहस्थांनी दहा मिनिटांत तीन गोष्टी सांगितल्या. वाग्दत्त वधूला हिऱ्याची अंगठी देणे ही पूर्वापार चालत आलेली रीत आहे. अंगठीवर निदान दोन महिन्यांचा पगार खर्चावा असा संकेत आहे. आणि हा खर्च नव्हेच, ही गुंतवणूक आहे. आतेभाऊ मान डोलावत होता. मासिक हप्त्यांचा कागदही एव्हाना पुढे सरकला होता.

या तीन विधानांपैकी एकही खरे नाही. शिवाय ही विधाने कुठे, केव्हा आणि कोणाच्या लाभासाठी जन्मली, हे बऱ्याच अंशी कागदोपत्री ठाऊक आहे. इतिहासाची आवड असल्याचे सांगणाऱ्या तरुणांनीही ती मुकाट्याने गिळावीत, हे मला सोसत नाही.

आधी रीत. आपल्याकडे विवाह ठरल्याच्या विधीला शास्त्रात वाङ्निश्चय म्हणतात आणि व्यवहारात साखरपुडा. पहिल्या नावात वाणी आहे, दुसऱ्यात साखर. दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी चारचौघांसमोर शब्द द्यायचा, मुलीला कुंकू लावून साडी द्यायची, ओटी भरायची, हातात साखरेचा पुडा ठेवायचा. अंगठी त्यात पुढे कधीतरी आली, तीही बहुधा साध्या सोन्याची. तुमच्या आजीला विचारून पाहा, तिच्या साखरपुड्यात हिरा होता का? लाखांतील एखादे घर सोडले तर उत्तर ठरलेले आहे.

यावर कोणी म्हणेल, साखरपुड्यात नसेल, पण हिरा तर भारताचाच, आपले पूर्वज तो हजारो वर्षे जाणत होते. जाणत होते, हे अगदी खरे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रपरीक्षेचा स्वतंत्र अध्याय आहे. तो अवश्य वाचा, कारण त्याच अध्यायात काही जाणकारांचे असे मत नोंदवले आहे की, पुत्राची इच्छा असणाऱ्या स्त्रियांनी हिरा अंगावर धारणच करू नये. पुढे विशिष्ट आकाराच्या हिऱ्यांपुरता अपवादही सांगितला आहे. म्हणजे ज्या ग्रंथाच्या जोरावर 'प्राचीन परंपरा' सांगायची, तोच नव्या संसाराच्या उंबरठ्यावर हिऱ्याकडे साशंकतेने पाहतो. मी हे मत मानत नाही. परंपरेची शपथ घेऊन माल विकणाऱ्यांनी मात्र ते वाचून ठेवावे.

त्या अध्यायातील दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. पांढऱ्या मोहरीचे आठ दाणे म्हणजे एक तांदूळ, आणि वीस तांदूळ भरणाऱ्या उत्तम हिऱ्याचे मूल्य दोन लक्ष, असे तेथे सांगितले आहे. वजन जसे घटते तसे मूल्य त्याहून अधिक वेगाने घटते, त्याचाही हिशेब आहे. दोषांची यादीही आहे : कावळ्याच्या पावलासारखी खूण, माशीसारखा डाग, केसासारखी रेघ. आजच्या प्रयोगशाळा भिंगाखाली जे शोधतात, त्याचीच ही जुनी नावे. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी, अलाउद्दीन खिलजीच्या दिल्लीत, ठक्कुर फेरू या राजसेवकाने रत्नपरीक्षेवर प्राकृतात ग्रंथ लिहिला. या देशाची खरी परंपरा हीच आहे. हिरा पारखायचा, तोलायचा, दोष पाहायचे आणि मग किंमत बोलायची.

या परंपरेचे सर्वांत जिवंत चित्र एका परदेशी माणसाने काढून ठेवले आहे. झाँ-बातिस्त ताव्हेर्निए हा फ्रेंच रत्नव्यापारी सतराव्या शतकात वारंवार हिंदुस्थानात आला. त्याचे प्रवासवर्णन १६७६ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा पुढे आंध्रात उतरते, तिच्या काठच्या कोल्लूरच्या खाणीवर बायका-मुलांसह साठ हजारांच्या आसपास माणसे राबताना पाहिल्याचे तो लिहितो. येथील पारखी कच्चा हिरा रात्री पाहतात, याचे त्याला नवल वाटले. भिंतीत कोनाडा करून त्यात मोठ्या वातीचा दिवा ठेवायचा आणि चिमटीत धरलेल्या खड्याचे पाणी त्या उजेडात जोखायचे. निळसर झाक असलेले वाईट पाणी ओळखायला खडा दाट पानांच्या झाडाखाली न्यायचा. आजच्या दालनांतील छतभर पेटलेले प्रखर दिवे आठवा. त्या उजेडात गारगोटीसुद्धा चमकते.

ताव्हेर्निएने राओलकोंडा येथील खाणीवर पाहिलेली मुले तर मी विसरू शकत नाही. दहा ते पंधरा-सोळा वर्षांची व्यापाऱ्यांची मुले रोज सकाळी गावातल्या मोठ्या झाडाखाली येऊन बसत. एका बाजूला वजनांची पिशवी, दुसऱ्या बाजूला सोन्याच्या होनांची. कोणी खडा विकायला आणला की तो आधी सर्वांत मोठ्या मुलाच्या हाती जाई, मग एकेकाच्या हातातून फिरे. ताव्हेर्निए सांगतो, या पोरांना दरांची इतकी अचूक जाण होती की, एकाने घेतलेला खडा त्याला परत विकायचा झाला आणि तो शेकडा अर्ध्याने तोटा सोसायला तयार असला, तर दुसरा तो तिथल्या तिथे रोख मोजून घेई.

शेकडा अर्धा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्राझीलमध्ये हिरे सापडले आणि हिंदुस्थानी खाणींचे महत्त्व ओसरू लागले. तरीही हिरा दुर्मीळच होता. युरोपातही तो राजघराण्यांपुरता आणि सरदार-सावकारांपुरता होता. १४७७ मध्ये ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनने बर्गंडीच्या मेरीला हिऱ्याची अंगठी दिली, ही कथा प्रत्येक जवाहिऱ्याच्या पत्रकात छापलेली असते. दिली असेल. एका राजपुत्राने एका संपन्न राज्याच्या वारसदारणीला काय दिले, यावरून पुण्यातल्या नोकरदार मुलाने काय द्यावे हे कसे ठरते, ते मात्र त्या पत्रकात नसते.

सगळे चित्र पालटले ते दक्षिण आफ्रिकेत. १८६७ मध्ये ऑरेंज नदीच्या परिसरात पहिला हिरा ओळखला गेला आणि १८७१ मध्ये किंबर्लीच्या टेकडीखाली हिऱ्यांचा साठाच लागला. माणसांनी ती टेकडी पोखरून तिथे प्रचंड खड्डा केला. आता व्यापाऱ्यांपुढे पेच उभा राहिला. ज्या वस्तूची किंमत दुर्मीळतेवर उभी आहे, तीच पोत्यांनी निघू लागली तर काय करायचे? सेसिल ऱ्होड्सने त्यावर उपाय काढला. स्पर्धकांच्या खाणी विकत घेऊन त्याने १८८८ मध्ये डी बिअर्स कन्सॉलिडेटेड माइन्स ही कंपनी उभी केली. माल एकाच हातात ठेवायचा आणि बाजारात लागेल तितकाच सोडायचा, हे तिचे धोरण. १९२९ मध्ये अर्नेस्ट ओपनहायमर तिचा अध्यक्ष झाला. त्यानंतर विसाव्या शतकाचा मोठा काळ जगातील बहुतांश कच्चा हिरा या एकाच यंत्रणेतून वाहत होता. याच कंपनीने २००४ मध्ये औद्योगिक हिऱ्यांच्या किमती संगनमताने ठरवल्याचा गुन्हा अमेरिकी न्यायालयात कबूल केला आणि १ कोटी डॉलर दंड भरला. ती कबुली अंगठीतल्या हिऱ्याविषयी नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. स्वभाव कळावा म्हणून उल्लेख केला.

पुरवठा रोखता येतो, मागणी मात्र निर्माण करावी लागते. १९३०च्या महामंदीत मागणी इतकी आटली की कंपनीला खाणी बंद ठेवाव्या लागल्या. १९३८ मध्ये अर्नेस्टचा मुलगा हॅरी न्यूयॉर्कला गेला आणि एन. डब्ल्यू. एयर या जाहिरात संस्थेला त्याने काम दिले. तरुण अमेरिकी माणसाच्या मनात हिरा आणि प्रेम यांची गाठ पक्की बांधायची होती. मग चित्रपटतारकांच्या बोटांवर हिरे झळकू लागले, त्यांच्या अंगठ्यांच्या बातम्या वृत्तपत्रांना पुरवल्या जाऊ लागल्या, मुलींच्या शाळांतून व्याख्याने होऊ लागली. जाहिरातींसाठी पिकासो, दाली यांच्यासारख्यांची चित्रे वापरली गेली. १९४७ मध्ये याच संस्थेतील फ्रान्सिस गेरेटी या लेखिकेने 'अ डायमंड इज फॉरेव्हर' हे चार शब्द लिहिले. त्या स्वतः आजन्म अविवाहित राहिल्या. आपल्याकडे तेच शब्द 'हीरा है सदा के लिए' होऊन दूरदर्शनसंचावर आले, आणि एका पिढीने त्यांना संस्कार समजून स्वीकारले.

ज्यांना अजूनही 'प्रेमाची सनातन खूण' वगैरे वाटते, त्यांनी जपान पाहावे. तिथे विवाह ठरवण्याच्या रीती फार जुन्या आहेत आणि त्यांत हिऱ्याला स्थान नव्हते. १९६७ मध्ये तिथे हिऱ्याची जाहिरात मोहीम सुरू झाली, तेव्हा वाङ्निश्चय झालेल्या शंभर मुलींपैकी पाचजणींकडेही हिऱ्याची अंगठी नव्हती. १९८१ पर्यंत हे प्रमाण साठच्या घरात गेले. चौदा वर्षांत एक 'परंपरा' उभी राहिली. सोव्हिएत रशियाच्या सायबेरियातून बारीक हिऱ्यांचा ओघ सुरू झाला, तेव्हा ते खपवण्यासाठी लहान खड्यांची 'इटर्निटी रिंग' पुढे आली आणि ती विवाहाला बरीच वर्षे झालेल्या बायकांसाठी आहे असे सांगण्यात आले. खाणीतून जे निघेल, त्याप्रमाणे भावना घडवल्या गेल्या.

पगाराच्या सूत्राचेही तसेच. ते कोणत्याही स्मृतीत नाही, कोणत्याही रूढीत नाही. १९८०च्या दशकातील जाहिरातींनी अमेरिकी तरुणाला दोन महिन्यांचा पगार सांगितला, जपानी तरुणाला तीन महिन्यांचा. एकाच खड्याला दोन देशांत दोन मापे! वराहमिहिराने तांदळाचे माप घेऊन हिरा तोलला होता. या मंडळींनी पगाराचे माप घेतले आणि गिऱ्हाईक तोलले.

आता गुंतवणूक. इथे मला सर्वांत जास्त राग येतो, कारण पहिल्या दोन थापांनी मनाची फसवणूक होते, हिने घर बुडते. सोन्याचा भाव रोज छापून येतो. तुमची पाटली शंभर सराफांकडे न्या, घट आणि घडणावळ वजा जाता भाव थोड्याफार फरकाने सारखा मिळेल. हिऱ्याला असा एक भाव नाही. प्रत्येक खडा निराळा, आणि किरकोळ विक्रीच्या किमतीत दुकानाचे भाडे, जाहिरात, नफा, कर हे सारे मिसळलेले असते. परत विकायला जाल तेव्हा घाऊक भावाच्याही खालून बोली सुरू होते. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी नवऱ्याच्या आजारपणात अंगठी विकायला काढली. ज्या पेढीतून घेतली होती तिथेच गेल्या. सोन्याचे पैसे मिळाले. हिऱ्यासाठी जी रक्कम सांगितली गेली ती ऐकून त्या अंगठी घेऊन परतल्या. अमेरिकी पत्रकार एडवर्ड जे एपस्टाइन यांनी १९८२ मध्ये 'द अटलांटिक' मासिकात नेमक्या याच विषयावर दीर्घ लेख लिहिला होता : हिरा विकून पाहिला आहे का कधी? चाळीस वर्षांनंतरही तो प्रश्न तसाच उभा आहे.

'सदा के लिए' या शब्दांचे खरे काम इथे उमगते. लोकांनी घरातले हिरे विकायला काढले तर खाणीतल्या मालाला कोण विचारणार? म्हणून हिरा विकणे हे प्रेम विकण्याइतके लाजिरवाणे वाटायला हवे. कधीच विकायचा नसेल तर परतीचा भाव कोणी विचारत नाही, आणि तो विचारला नाही की विकत घेतानाचा भाव कितीही लावता येतो. राओलकोंड्याच्या झाडाखालची पोरे शेकडा अर्ध्या तोट्यावर हिरा परत विकू शकत होती, कारण ती दर जाणत होती. आपण पदव्या घेतलेली माणसे निम्मी किंमतही परत येईल का, हे न विचारता स्वाक्षरी करतो.

मोठ्या ऐतिहासिक हिऱ्यांचे दाखले देऊन कोणी भुलवू पाहील. त्र्यंबकेश्वराचा म्हणून प्रसिद्ध असलेला नासक हिरा १८१८ मध्ये पेशवाईबरोबर इंग्रजांच्या हाती गेला आणि १८३७ मध्ये लंडनच्या लिलावात ७,२०० पौंडांना विकला गेला. तो ऐंशी-नव्वद कॅरेटचा खडा होता आणि बोली लावायला लॉर्ड लोक बसले होते. तुमच्या अर्ध्या कॅरेटला लॉर्ड येणार नाहीत.

इथवर वाचून काही मित्र लिहितील की, हे सारे पाश्चात्त्यांचे कारस्थान, हिऱ्यावर बहिष्कारच हवा. तेही मला मान्य नाही. जगातील दहापैकी सुमारे नऊ हिऱ्यांना पैलू पाडण्याचे काम आज सुरतेत होते, व्यापाराचे मोठे केंद्र मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आहे आणि लाखो कारागिरांची चूल त्यावर पेटते. हिरा सुंदर आहे. तिला आवडत असेल आणि तुम्हांला परवडत असेल तर जरूर घ्या. फक्त पारख्यासारखा घ्या.

म्हणजे कसा? सर्वप्रथम, आकडा घरी ठरवा, दोघांनी मिळून, आणि कर्ज न काढता. मग वजनाचा मोह आवरा. कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. एक कॅरेटच्या गोल हिऱ्याचा व्यास साधारण साडेसहा मिलिमीटर भरतो. ०.९० कॅरेटचा पाव मिलिमीटरनेही लहान नसतो, पण पूर्ण आकड्याला बाजारात जादा दर लागतो. तो जादा पैसा तुम्ही एका शून्यासाठी मोजता. खरी चमक पैलूंच्या घाटावर अवलंबून असते. १९१९ मध्ये मार्सेल टॉलकोव्स्कीने गोल हिऱ्याच्या कोनांचे गणित मांडले, तेव्हापासून हे शास्त्र आहे. उत्तम घाटाचा लहान खडा, खोलीत वजन दडवलेल्या मोठ्या खड्याहून उजळ दिसतो.

रंगाची श्रेणी डी या अक्षरापासून झेडपर्यंत जाते. पिवळ्या सोन्याच्या कोंदणात जी, एच, अगदी आयसुद्धा पांढराच दिसतो. निर्मळतेच्या अकरा पायऱ्या आहेत आणि त्या दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली ठरतात. लग्नाला येणारे पाहुणे भिंग घेऊन येत नाहीत. नुसत्या डोळ्यांना निर्दोष दिसतो इतके पुरे.

दाखला स्वतंत्र प्रयोगशाळेचा मागा, दुकानाच्या लेटरहेडवरचा नको. बहुतेक वेळा हिऱ्याच्या कडेवर लेझरने क्रमांक कोरलेला असतो. तो भिंगातून पाहा आणि प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर पडताळा. सोन्यावर हॉलमार्क आणि सहा अक्षरांकांचा एचयूआयडी असायलाच हवा. अठरा कॅरेटवर ७५० ही खूण दिसेल. इथे एक घोटाळा कायम होतो : सोन्याचा कॅरेट शुद्धता सांगतो, हिऱ्याचा कॅरेट वजन सांगतो. पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन, हिऱ्याचे वजन व श्रेणी, घडणावळ आणि कर वेगवेगळे लिहून घ्या. एकत्रित वजनावर सोन्याचा दर लावला असेल तर हिऱ्याच्या वजनाचे पैसे तुम्ही दोनदा भरता.

आणि ऐरणीवर ठेवून घण घातला तरी खरा हिरा फुटत नाही, ही समजूत सोडून द्या. हिऱ्यावर ओरखडा उठणे अवघड, पण ठराविक दिशांनी तो झटकन दुभंगतो. टोकदार कोपऱ्यांचा आकार घेतलात तर कोपरे कोंदणात झाकलेले हवेत.

उरला प्रयोगशाळेतला हिरा. १९५४ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत ट्रेसी हॉल यांनी तो घडवला. आज तो सुरतेतही घडतो. २०२३ मध्ये पंतप्रधानांनी जिल बायडन यांना भेट दिलेला साडेसात कॅरेटचा हिरा असाच होता. त्याला 'नकली' म्हणणे अज्ञान आहे. तोही शुद्ध कार्बन, तीच रचना, तीच कठीणता. खाणीतला की यंत्रातला, हे नुसत्या डोळ्यांनी अनुभवी जवाहिऱ्यालाही सांगता येत नाही. डी बिअर्सने स्वतः २०१८ मध्ये असे हिरे ८०० डॉलर कॅरेट या सरसकट दराने विकायला काढले, आणि पुढे भाव कोसळल्यावर त्या धंद्यातून अंग काढून घेतले. म्हणून प्रयोगशाळेतला खडा परतीच्या भावाची आशा शून्य धरूनच घ्या, आणि तितकाच स्वस्त मिळत असेल तरच घ्या. आज काही विक्रेते त्यालाही 'गुंतवणूक' म्हणू लागले आहेत, त्यांच्याकडे पाठ फिरवा.

आतेभावाच्या गोष्टीचा शेवट राहिला. हप्त्यांच्या कागदावर सही करण्याआधी त्याने मी सुचवलेला प्रश्न विचारला : "साहेब, हाच खडा उद्या सकाळी परत आणला, तर रोख किती द्याल? लिहून द्याल?" गृहस्थ आत गेले, व्यवस्थापकांना घेऊन आले. त्यांनी बदलून दुसरा दागिना घेण्याची योजना समजावून सांगितली. रोखीचे विचारल्यावर चहा मागवला. चहा चांगला होता. पुढच्या आठवड्यात त्याने आणि तिने मिळून दुसऱ्या पेढीत पाव कॅरेटहून थोडा मोठा, उत्तम घाटाचा खडा पिवळ्या सोन्यात बसवून घेतला. पैसे एकरकमी दिले. साखरपुडा मार्गशीर्षात आहे, साखरेचा पुडा आत्या स्वतः बांधणार आहे.